पिशवी काढू नका म्हणालात, मग दुखण्याचं काय?

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी,
मराठवाड्यातले आठही जिल्हे.

विषय : ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ या उत्तराबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत विज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यात मी एका सरकारी कार्यालयाला अर्ज केला होता. पाळीत असह्य दुखणाऱ्या मुली-बायांसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार राखून ठेवावी, एवढीच मागणी होती. चार महिन्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं, वर विषयात लिहिलंय तेच.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्या खुर्चीशी नाही. शेजारच्या इमारतीत अर्ज दिला असता तरी हीच ओळ आली असती, फक्त शिक्का वेगळा. गावचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय शल्यचिकित्सकांकडे, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. बाईचं ओटीपोट यातल्या कुणाच्या अखत्यारीत येतं, ते एकदा बसून ठरवा. तोवर हे पत्र सगळ्यांना मिळून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे.

सुरुवात हजेरीपटापासून करते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, गेल्या वर्षी नववीत होती. तिचा वर्षभराचा हजेरीपट समोर धरला की तिची पाळी मला वाचता येते. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी तीन गैरहजेऱ्या, पुन्हा तेवढ्याच दिवसांनी तीन. एकदा घटक चाचणी होती म्हणून ती तशीच आली. तिसऱ्या तासाला बाकावर आडवी झाली, ओठ पांढरे पडले, उलटी झाली. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. आजी मला म्हणाली, “आमच्या वेळंला बी दुखायचं बाई, पण आम्ही काय असं साळंत जाऊन पडत नव्हतो.”

मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, “काही नाही. वय लहान आहे. लग्न झालं, एक लेकरू झालं की आपोआप थांबेल.”

पंधरा वर्षांच्या मुलीला लिहून दिलेलं हे औषध. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर १०० बायांपैकी ४३ हून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. परभणीत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. अशा मुलखात आजीच्या समोर हे वाक्य बोललं की त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. शाळेत आम्ही बालविवाह रोखायच्या शपथा घेतो आणि तपासणीच्या टेबलावर कुणीतरी सहज बोलून जातं, ‘लग्न झालं की थांबेल’.

मला ते वाक्य सतराव्या वर्षी ऐकवलं होतं. माझं दुखणं तेराव्या वर्षी सुरू झालं आणि त्याचं नाव, एंडोमेट्रिओसिस, मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. मधल्या सोळा वर्षांत मला पोट साफ होण्याची पावडर मिळाली, जंताच्या गोळ्या मिळाल्या, ‘अंगावर पांढरं जातं का’ विचारून तीन वेळा अँटिबायोटिकचे कोर्स मिळाले. एका ठिकाणी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी केली. ३५ च्या आत हवं ते ६८ निघालं आणि ‘कॅन्सर असू शकतो’ असं उभ्या-उभ्या सांगून आम्हाला घरी पाठवलं. नवरा रात्रभर ओसरीवर बसून होता. ही तपासणी एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढलेली येते आणि तिच्यावरून ना कॅन्सर ठरतो ना हा आजार, हे मला दोन वर्षांनी समजलं. लग्न झालं होतं, लेकरू काही झालं नाही, त्यामुळे ‘आपोआप थांबेल’ हा उपायही मला लागू पडला नाही. शेवटी मोठ्या शहरात दुर्बिणीतून बघितलं तेव्हा डाव्या अंडाशयात गाठ होती आणि आतडं गर्भाशयाच्या मागच्या बाजूला चिकटलेलं होतं. ‘एंडोमेट्रिओसिस’ हा शब्द मी पहिल्यांदा डिस्चार्ज कार्डावर वाचला. विज्ञानाची शिक्षिका असून.

तुम्हाला हा आजार समजावून सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून वर्गात सांगते तसं सांगते. गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, गर्भ राहिला नाही की सुटतं, तीच पाळी. या आजारात तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. अंडाशयावर, नळ्यांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर. क्वचित सिझेरियनच्या टाक्यातसुद्धा. बांधापलीकडे उगवलेल्या पिकासारखं आहे हे. इस्ट्रोजेन या संप्रेरकावर त्या पोसतात, त्यांच्यातूनही रक्त झरतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साकळतं, सूज येते, व्रण धरतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साकळलेलं जुनं रक्त घट्ट तपकिरी दिसतं, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. एवढ्या छळाला एवढं गोड नाव.

मग पाळीत कळा येतात, कमरेपासून मांड्यांपर्यंत उतरतात. काहींना पाळी नसतानाही दुखतं. शौचाला बसताना, लघवी करताना, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, आणि ही शेवटची गोष्ट आमच्याकडे कुणी बाई डॉक्टरला आपणहून सांगत नाही. थकवा असतो. काहींना मूल राहायला अडचण येते, आणि बऱ्याच जणींचा आजार तेव्हाच सापडतो, कारण दुखण्यासाठी नाही तरी मुलासाठी घरचे दवाखान्यात नेतातच. दुखणं किती आणि आजार किती पसरलेला, यांचा थेट मेळ नसतो. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी गडबडा लोळते, आणि चौथ्या, म्हणजे सर्वांत पसरलेल्या पायरीचा आजार असलेली दुसरी नुसती मूल होत नाही म्हणून आलेली असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के मुली-बायांना हा आजार असतो, जगात सुमारे १९ कोटी. माझ्या तीन वर्गांत मिळून ६१ मुली आहेत. सगळ्यांचा त्रास शाळेतच सुरू होईल असं नाही. पण मधुमेहाची पाटी प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे, क्षयाची आहे, या आजाराचं नाव मी माझ्या तालुक्यात एकाही भिंतीवर वाचलेलं नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये त्या चॉकलेटच्या गाठींवर लिहिलं. १९२७ मध्ये, पाळीचं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि पेशी तिथं रुजतात, असा विचार त्यांनी मांडला. तो पुरता पडत नाही, कारण उलटं रक्त बहुतेकींच्या पोटात जातं आणि आजार काहींनाच होतो. पण नाव पडून तर शंभर वर्षं होत आली. शंभर वर्षांत ते आमच्या उपकेंद्रापर्यंत आलं नाही.

आता मुद्द्यावर येते. हे पत्र बीडमधून लिहिलं जातंय याला कारण आहे.

जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत मिळून ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी रुग्णालयात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं. चांगलं झालं. या सगळ्यासाठी ज्यांनी ज्यांनी वर्षानुवर्षं डोकं आपटलं त्यांचे उपकार आहेत आमच्यावर.

पण महोदय, परवानगीच्या त्या कागदावर बाईच्या दुखण्याचं पुढं काय करायचं, याला रकाना नाही.

माझी मोठी जाऊ अठ्ठावीस वर्षांची असताना तिची पिशवी काढली. दोन लेकरं झालेली होती, दर महिन्याला चार दिवस उसाच्या फडात उभं राहवत नव्हतं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर आधीच घरात खर्चून बसलेली. कुणीतरी म्हणालं, “पिसवी खराब झालीय, काढून टाक, कटकट जाईल.” उचलीतलेच पैसे त्यात गेले. पिशवी गेली, कळा राहिल्या. आता ती बेचाळीसची आहे. तिशीच्या आतच अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री पातळ घामानं भिजायचं, आता गुडघे आणि कंबर धरलेली. मी तिचं कार्ड शोधून काढलं. दोन ओळी. अंडाशय ठेवले की काढले, ते त्यात नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, तेही नाही.

तिला एंडोमेट्रिओसिसच होता असं मी म्हणत नाही. मला ते म्हणता येणार नाही आणि आता कुणालाच सांगता येणार नाही, माझी तक्रार तीच आहे. हा आजार असेल तर तो मुळात पिशवीच्या बाहेर असतो. बाहेरचे ठिपके तसेच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं थांबेल याची खात्री देता येत नाही. आणि तिशीच्या आत अंडाशयही काढले, तर हाडांपासून हृदयापर्यंत सगळ्याची झीज वेळेआधी सुरू होते. सगळे उपाय थकल्यावर, मूल नको असल्याचं बाईनं विचार करून सांगितल्यावर, शेवटी यायची ती ही शस्त्रक्रिया. आमच्याकडे ती पहिलीच येते, कारण मधले उपाय आमच्या वाटेवर नाहीत.

मधले उपाय कोणते? पहिली पायरी साधी. मेफेनॅमिक ॲसिड, नेप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या, त्याही कळा शिगेला पोचल्यावर नाही तर पाळी येणार असं वाटताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. दुसरी पायरी संप्रेरकांची. बांधाबाहेरच्या त्या पेशींचा खुराक तोडायचा, म्हणजे त्या वाढत नाहीत आणि झरत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या, काही वेळा खंड न पाडता. डायनोजेस्टची दोन मिलिग्रॅमची रोजची गोळी, मी हीच घेते. गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची तांबी. त्याही पुढे ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं, जी काही महिने पाळी पूर्ण थांबवतात, पण महाग आहेत आणि हाडं ठिसूळ करतात, म्हणून सोबत आणखी औषध द्यावं लागतं. हे सगळं आजाराला काबूत ठेवणं आहे. गोळी सोडली की दुखणं परत येऊ शकतं, आणि मूल हवं असेल तेव्हा तर ती सोडावीच लागते. मुळापासून बरं करणारं औषध अजून कुणाकडेच नाही. दुर्बिणीनं ठिपके आणि गाठी काढता येतात, बऱ्याच जणींना त्यानं मोठा आराम पडतो. पण अंडाशयातली गाठ काढताना बीजांचा साठाही थोडा जातो, म्हणून ते हात सरावलेले लागतात आणि पुन्हा पुन्हा पोट उघडणं परवडत नाही.

यातलं काही दिल्ली-मुंबईहून आणायचं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर उपकेंद्रातलं कपाट उघडून बघा. माला-एन तिथं आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑलची ही गोळी कुटुंब नियोजनात सरकार फुकट पुरवतं. ‘अंतरा’ इंजेक्शन तिथं आहे. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत आलं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. दोन्ही याच आजाराच्या दुखण्यावर वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या घराण्यातल्या आहेत. रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळीचा इतिहास बघूनच माला-एन द्यावी लागते. अंतरानं लांब पल्ल्यात हाडांची घनता घटते, ते थांबवल्यावर मूल राहायला वेळ लागू शकतो, म्हणून कोवळ्या वयात जपून. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. पण ठरवायला कुणीतरी बसलेलं तर हवं. औषध तुमच्या कपाटात आहे आणि ते फक्त पाळणा लांबवण्याच्या रजिस्टरवर चढतं. दुखण्यासाठी ते मागायला कुणी आलं तर नोंद करायला रकाना नाही म्हणून आमच्या आशाताई गोंधळतात. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

याचा फटका कुठं बसतो, ते सांगते. हजेरीपटातल्या त्या मुलीला मी दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पहाटेची एसटी, जाऊन-येऊन दीड दिवस. महिलांचं तिकीट निम्मं झालंय हे खरं, अंतर मात्र होतं तेवढंच आहे. त्या बाईंनी मुलीशी अर्धा तास बोलून घेतलं, आत हात न घालता पोटावरूनच तपासलं, आणि म्हणाल्या, साध्या सोनोग्राफीत चॉकलेटची गाठ दिसते, पसरलेले बारीक ठिपके दिसत नाहीत, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं असं नाही. आधी दुर्बीण घालून खात्री करा आणि मगच औषध, हा आग्रहही आता राहिलेला नाही. ‘एश्रे’ या युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट केलंय. लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं. त्याच सूचनांत हेही आहे की निव्वळ आजार बरा व्हावा म्हणून गरोदर राहायचा सल्ला बाईला देऊ नये. हे वाक्य मी दोनदा वाचलं. सतराव्या वर्षी कुणी वाचून दाखवायला हवं होतं.

चिठ्ठी मिळाली. गावी मेडिकलवर गोळी घेताना काउंटरवरचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, “ही तर पाळणा लांबवायची गोळी आहे, कुणासाठी पाहिजे?” तीन गिऱ्हाइकं उभी होती. संध्याकाळपर्यंत ते आजीच्या कानावर गेलं, दोन दिवसांत फडात मोबाइलवर आईच्या. आईचा मला फोन आला. ओरडली नाही, रडत होती. “बाई, लेकीचं नाव खराब झालं तर तिला कोण करून घेईल?” मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण पटवू शकले नाही. ती चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. गोळ्या मी परत केल्या नाहीत, त्याही आहेत. घरच्यांच्या संमतीशिवाय मी त्या तिच्या हातात ठेवणार नाही. पण तीच गोष्ट आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या कोटात, आशाताईंनी आजीच्या ओसरीवर बसून सांगितली असती, तर ती ‘दुखण्याची गोळी’ ठरली असती.

माझी गाऱ्हाणी आता मोजून सांगते.

एक, पाळीच्या आरोग्याच्या नावाखाली आमच्या शाळेत जे कार्यक्रम होतात ते पॅडवर सुरू होतात आणि पॅडवर संपतात. पॅड हवंच. पण मागच्या कार्यक्रमात पडद्यावर वाक्य होतं, ‘पाळीत पोट दुखणे स्वाभाविक आहे, घाबरू नये’. माझी विद्यार्थिनी पहिल्या रांगेत बसली होती. थोडं दुखणं स्वाभाविक आणि शाळा बुडवणारं दुखणं तपासायचं, हा फरक एका ओळीत सांगता आला असता.

दोन, किशोरवयीन मुला-मुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आपल्याकडे त्याचे मैत्री क्लिनिक आहेत. तिथं माझ्या विद्यार्थिनींना रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या आणि हिमोग्लोबिन किती ते कळलं. पाळीत किती दिवस शाळा बुडते, असं एकीलाही विचारलं नव्हतं.

तीन, हंगामाला जाण्याआधी ऊसतोड बायांची तपासणी होते. तपासणीत पिशवी आहे का काढली, हे विचारतात. दुखतं का, हे विचारून त्याचं पुढं काही झाल्याचं माझ्या जावेच्या टोळीतल्या एकीनंही सांगितलं नाही.

चार, काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल बाईच्या हातात येत नाही. याच्यावर जास्त काय लिहू, जावेचं कार्ड वर आलंच आहे.

पाच, ‘लग्न कर, बरं वाटेल’. हे बोलणाऱ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, माझ्या स्टाफरूममधल्या दोन मॅडमही आहेत. त्यामुळे हे गाऱ्हाणं एकट्या तुमच्यावर ढकलत नाही. पण तुमच्या हाताखालच्या माणसांना तुम्ही एका परिपत्रकानं गप्प करू शकता, मी करू शकत नाही.

आणि मागण्या. इमारत मागत नाही, नवं पदही मागत नाही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्यातून एक दुपार पाळीच्या दुखण्यासाठी ठेवा. वार ठरवा आणि तो वार उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहा. ‘पाळीत शाळा किंवा मजुरी बुडत असेल तर या’, एवढा मजकूर पुरे. आजाराचं अवघड नाव खाली बारीक अक्षरात लिहिलंत तरी चालेल.

आशाताईंच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्या. चार प्रश्न द्या त्यांच्या हातात. कामाला किंवा शाळेला खाडा होतो का? गोळीनं थांबतं का? शौचाला-लघवीला दुखतं का? लग्न झालेलं असेल तर संबंधाच्या वेळी दुखतं का? दोन उत्तरं ‘हो’ आली की वरच्या दुपारची चिठ्ठी.

माला-एन आणि अंतरा डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुखण्यासाठी देता यावी आणि तशी नोंद वेगळी व्हावी, असा लेखी आदेश काढा. डायनोजेस्ट जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मिळेल अशी सोय करा. मी पगारदार आहे, मला महिन्याची पाकिटं परवडतात. जावेच्या टोळीतल्या बाईला परवडणार नाहीत.

पिशवी काढायच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवा : आधी कोणते उपचार दिले, किती महिने दिले, सोबत चिठ्ठ्या जोडा. रकाना रिकामा असेल तर परवानगी नाकारून बाईला घरी पाठवू नका, त्या दुपारच्या ओपीडीत पाठवा. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेल्या भागाचा अहवाल आणि अंडाशय ठेवले की काढले ही नोंद, दोन्ही मराठीत तिच्या हातात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दुर्बिणीच्या कोणत्या शस्त्रक्रिया बसतात आणि आपल्या विभागात त्या कुठं होतात, याची यादी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दर्शनी लावा. बाईनं एजंटाला विचारत फिरू नये.

शाळेकडून काय हवं ते सांगा, मी करते. हजेरीपट माझ्याकडे आहेच. ज्या मुलींच्या गैरहजेऱ्या दर महिन्याला त्याच अंतरानं पडतात त्यांची यादी, पालकांना विचारून, नाव गुप्त ठेवून, मी आरोग्य केंद्रात आणून देईन. माझ्यासारख्या आणखी शिक्षिका तयार होतील, मी बोलले आहे काहींशी.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. अखत्यारीचा प्रश्न असेल तर कुणाकडे जायचं तेवढं त्यात लिहावं, मी जाईन.

ती मुलगी आता दहावीत आहे. आई हंगामावरून परत आली की आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर तिघींनी बसायचं, असं आजीनं परवा कबूल केलंय. बोर्डाचं वेळापत्रक जाहीर झालं की तिच्या तारखा त्यावर मांडून बघणार आहोत. सहामाहीला गणिताचा पेपर पाळीच्या दुसऱ्या दिवशी आला होता.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका,
जिल्हा परिषद प्रशाला, बीड जिल्हा